नदीच्या पात्रांतला दांत: ओळखावा कसा?

पावसाळा सरून नद्यांचें पाणी ओसरलें, म्हणजे पात्रांतील वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि दिवाळीच्या सुटींत घरीं आलेलीं मुलें त्यांवर हिंडूं लागतात. रंगीत गारगोट्या, शंख, शिंपा, एखादें गुळगुळीत झालेलें खापर, असा ऐवज खिशांतून घरीं येतो आणि चार दिवसांनीं वडीलधाऱ्यांच्या आज्ञेनें उकिरड्यावर जातो. त्यांत क्वचित् एखादी वस्तु अशी असते कीं, ती उकिरड्यावर जाणें ही केवळ त्या मुलाचीच नव्हे, तर सर्वांचीच हानि होय. या महिन्याचा लेख अशाच एका वस्तूविषयीं आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतून, वर्धा नदीच्या कांठच्या एका गांवाहून, आमच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील नववींत शिकणाऱ्या पुतण्यास नदीच्या पात्रांत, कोसळलेल्या दरडीच्या पायथ्याशीं, एक जड, काळसर तपकिरी वस्तु मिळाली. लांबी सुमारें एक वीत, रुंदी चार बोटें. वरच्या अंगास एकामागें एक अशा आडव्या कडा, जणूं वह्यांची चवड उभी करून बांधली आहे. घरांत तीन मतें झालीं. आजोबा म्हणाले, हा राक्षसाचा दांत. काका म्हणाले, हा डायनोसॉरचा असावा आणि याची किंमत लाखांत जावी. आजीबाईंनीं निकाल दिला कीं, कोणाचेंहि असो, हाड घरांत नको. तेव्हां तूर्त ती वस्तु गोठ्याच्या वळचणीस ठेवलेली आहे. मुलाचें मत कोणीं विचारलें नाहीं; परंतु पत्राच्या तळाशीं त्यानें आपल्या हातानें एक ओळ लिहिली आहे: ‘मला फक्त तो कोणाचा, हें कळलें पाहिजे.’

आमच्या मतें सर्वांत योग्य प्रश्न त्या मुलाचाच आहे. मात्र त्या एका प्रश्नाच्या पोटीं तीन प्रश्न आहेत: ही वस्तु हाड आहे कीं दगड? हाड किंवा दांत असल्यास कोणत्या प्राण्याचा? आणि तो प्राणी केव्हांचा? हे प्रश्न याच क्रमानें सोडवावे लागतात. काकांनीं तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ केला, आणि त्याच्याहि पुढें जाऊन किंमतीचा चौथा प्रश्न उपस्थित केला, म्हणून घरांत वाद माजला.

पहिला प्रश्न घेऊं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत चुनखडीचे वेडेवांकडे खडे ठिकठिकाणीं निघतात. त्यांची बाह्य आकृति कधीं मांडीच्या हाडासारखी, तर कधीं बोटाच्या पेरासारखी असते, आणि नवशिक्यास तीं हाडेंच वाटतात. निसर्गास अशा हुबेहूब आकृति घडविण्याची हौस फार. याच जिल्ह्यांत शिबला-पारडी येथें २०२१ सालीं रस्त्याचें काम चालूं असतां पैलूदार दगडी खांब उघडे पडले. कोणासहि तें जुन्या मंदिराचें बांधकाम वाटावें. पण तप्त शिलारस थंड होऊन आकसतांना तडकून झालेले ते नैसर्गिक खांब आहेत. सारांश, आकृतीवर भरंवसा ठेवूं नये, रचना पाहावी.

वस्तु मोडलेली असेल तर मोडीच्या जागीं भिंगांतून निरखावें. बाहेरचें कवच घट्ट आणि आंत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, ही हाडाची खूण होय. चुनखडीच्या खड्यांत अशी जाळी नसते; तो आंतून एकजिनसी तरी असतो, नाहीं तर कांद्यासारखे थर दाखवितो. लांब हाडाच्या मध्यभागीं मगजाची पोकळी असते. ती कधीं कधीं गाळानें गच्च भरलेली आढळते. दांताची खूण वेगळी. त्यावर चकचकीत आणि अत्यंत कठीण असें कवच असतें; त्यास दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ तोच. म्हणूनच सांगाडा कुजून नाहींसा झाला तरी दांत मागें उरतात, आणि प्राचीन प्राण्यांची ओळख पुष्कळदां त्यांच्या दांतांवरूनच पटते.

हाड ठरल्यावर तें नवें कीं जुनें, हेंहि येथेंच थोडेंसें अजमावतां येतें. जमिनींतील पाण्यांत विरघळलेलीं खनिजें हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून सांठत जातात, मूळचें सजीव द्रव्य हळूहळू निघून जातें, आणि हाड वजनदार होतें. अशा वस्तूस जीवाश्म म्हणतात. ‘अश्म’ शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस सांगणें नलगे. ताज्या हाडास तापलेली सुई टोंचली असतां केंस जळल्यासारखी घाण येते, अश्मीभूत हाडास येत नाहीं. हा प्रयोग वडील माणसानें, तोहि तुटक्या कडेवर एकदांच करावा. दांतावर करूंच नये. कित्येक लोक हाड जिभेस चिकटतें कीं काय हें पाहतात. सोंवळ्याओंवळ्याच्या विचारानें नव्हे, तर आरोग्याच्या विचारानें आम्ही तो प्रयोग कोणास सुचवीत नाहीं. रंगावरून मात्र कांहींच ठरवूं नये. लोह व मँगनीज यांच्या योगानें हाड थोड्या काळांतहि काळें पडूं शकतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं वस्तु ज्या जमिनींतून आली ती जमीन पाहिली पाहिजे. कारण कोणत्या खडकांत कोणता प्राणी सांपडणें शक्य आहे, याची मर्यादा निसर्गानेंच घातलेली आहे. यवतमाळ जिल्हा, ज्याचें नांव १९०५ सालापर्यंत वणीवरून ‘वून’ जिल्हा असें होतें, तो या दृष्टीनें एखाद्या चौमजली वाड्यासारखा आहे.

तळमजला वणी-मुकुटबन भागांतील चुनखडीचा. ही चुनखडी इतकी पुरातन आहे कीं, ती सांचली त्या काळीं पाठीचा कणा असलेला एकहि प्राणी पृथ्वीवर जन्मास आलेला नव्हता; त्यामुळें तींत हाड शोधणें व्यर्थ. दुसरा मजला वणीच्या कोळशाच्या खाणींचा. तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना, आणि त्या काळच्या वनस्पतींच्या पानांचे ठसे हेंच त्याचें मुख्य वैभव. तिसरा मजला काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीस भेगा पडून शिलारसाचे लोट एकावर एक पसरले, त्यांचा तो बनला. उकळत्या रसांत हाड टिकत नाहीं. परंतु दोन लोटांच्या मधल्या काळांत जीं तळीं झालीं, त्यांच्या गाळांत गोड्या पाण्यांतील शंख सांपडतात, आणि पाषाणाच्या तळाशीं असलेल्या गाळांत डायनोसॉरचीं हाडेंहि मिळतात. चौथा आणि सर्वांत वरचा मजला वर्धा, पैनगंगा व त्यांच्या उपनद्यांनीं आणून टाकलेल्या गाळाचा. तो भूशास्त्राच्या हिशेबानें अगदीं कालपरवाचा, म्हणजे कांहीं लाख वर्षांपासून आजपावेतोंचा. हत्ती, बैल, घोडे, हरणें हे त्या मजल्यावरचे रहिवासी.

आमच्या वाचकांच्या पुतण्यास वस्तु मिळाली ती नदीच्या दरडीपाशीं, म्हणजे चौथ्या मजल्यावर. तेवढ्यानें डायनोसॉर पुरता बाद होत नाहीं, कारण नदी वरच्या अंगाचें जुनें हाड उकरून खालीं आणूं शकते. तो बाद होतो दांताच्या घडणीमुळें. ती आतां पाहूं.

दांत म्हणजे प्राण्याच्या आहाराचा दाखला होय. गवत खाणाऱ्यास जातें लागतें, मांस फाडणाऱ्यास कातर. गाय, बैल व म्हैस यांची दाढ उंच असते, आणि झिजलेल्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या रेषा दिसतात. दाढेच्या दोन भागांच्या खांचेंत एक बारीक खांबासारखा उंचवटा असला तर ती बहुधा गोवंशाची. शेळ्यामेंढ्यांत तो सहसा नसतो. नदींत सांपडणाऱ्या दाढांत अशाच दाढा फार, आणि त्यांतील पुष्कळशा आपल्याच गांवच्या गुरांच्या असतात. घोड्याची वरची दाढ माथ्यावर चौकोनी, व तिच्यावरील एनॅमलची रेषा लहान मुलानें काढलेल्या नकाशाप्रमाणें पुष्कळ वळणांची असते. डुकराच्या दाढेवर बसके उंचवटे असतात, कारण तो सर्वभक्षी. वाघ-बिबट्याच्या गालांतील दांत पात्यासारखे. मगरीचा दांत शंकूसारखा, बुडाशीं पोकळ, आणि त्यास आपल्या दाढेसारखीं मुळें नसतात.

पाणघोड्याची दाढ ओळखण्यास आमच्या वाचकांस मुळींच कठीण पडूं नये. झिजली म्हणजे तिच्यावर त्रिदळ बेलपानासारख्या आकृति उमटतात. पाणघोडा आज आफ्रिकेंतच आढळतो. पण हजारों वर्षांपूर्वीं तो नर्मदा, गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांत नांदत होता आणि त्याचे अवशेष या खोऱ्यांतून मिळालेले आहेत.

राहिला हत्ती. त्याची दाढ ही एक दाढ नसून अनेक चपट्या तकट्यांची जुडी असते. प्रत्येक तकटीस एनॅमलचें कवच असून त्या एका चिकट द्रव्यानें जणूं सांधून टाकलेल्या असतात. झीज झाली म्हणजे कठीण एनॅमलच्या कडा वर राहतात आणि मधला भाग खोल जातो. त्यामुळें टांकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत माथा तयार होतो. जबड्याच्या प्रत्येक बाजूस अशा सहा दाढा एकीमागून एक पुढें सरकत येतात आणि झिजून पडतात. सहावी झिजली कीं हत्तीचें आयुष्य संपत येतें. पत्रांतील ‘उभी करून बांधलेली वह्यांची चवड’ हें वर्णन हत्तीच्या दाढेवांचून अन्य कशासहि लागू पडत नाहीं. डायनोसॉरचे दांत अशा घडणीचे नसतात. एवंच, काकांचा पक्ष येथें निकालांत निघाला.

परंतु हत्ती म्हटल्यानें प्रश्न संपत नाहीं, येथूनच तिसरा प्रश्न सुरू होतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेंत हत्ती होते, आणि वऱ्हाड-नागपूरच्या दरम्यान वर्धा नदी ओलांडावीच लागे. तेव्हां दोनअडीचशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या स्वारींत मेलेल्या हत्तीची दाढहि त्या दरडींत असूं शकेल. दुसऱ्या बाजूस, १९०५ सालीं पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानें नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वर येथील गोदावरीच्या गाळांतून मिळालेल्या एका नष्ट झालेल्या प्रचंड हत्तीची नोंद केली; तो नर्मदेवरून ‘नमाडिकस’ या नांवानें ओळखला जातो. त्याच्याहि जोडीस स्टेगोडॉन नांवाचा हत्तीचा एक प्राचीन भाऊबंद आपल्या देशांत होता. त्याच्या दाढेवरील कडा बसक्या असून कौलारू घराच्या पाख्यांसारख्या दोहों अंगांस उतरत्या असतात. त्याचें नांवहि त्यावरूनच पडलें: ग्रीक भाषेंत ‘स्टेगोस’ म्हणजे छप्पर, आणि ‘ओडॉन’ म्हणजे दांत. हा ओडॉन शब्द आपल्या संस्कृत ‘दन्त’ शब्दाचा सख्खा नातलग आहे, हें जातां जातां सांगून ठेवूं.

या तिघांतून निवड करावयाची तर तज्ज्ञ दहा सेंटिमीटर लांबींत किती तकट्या बसतात हें मोजतो, एनॅमलची जाडी मोजतो, आणि मग विचारतो: दाढ कोणत्या थरांतून आली? थर कळला कीं काळ कळण्याचा मार्ग मोकळा होतो. केवळ दांतावरून घाईनें निर्णय करण्याचा परिणाम काय होतो, याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९२२ सालीं अमेरिकेंत हेन्री ऑस्बर्न यांच्यासारख्या नामांकित पंडितानें नेब्रास्का प्रांतांत मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून मानवसदृश वानराची एक नवी जात जाहीर केली. पुढें त्याच जागीं अधिक खोदकाम झालें, आणि १९२७ सालीं ती दाढ डुकराशीं नातें असलेल्या एका रानटी जनावराची असल्याचें उघड झालें. जागा माहीत होती, म्हणूनच पुन्हां तेथें जाऊन शोध घेतां आला, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां किंमतीविषयीं. १९३५ सालीं फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञास हाँगकाँगच्या एका चिनी औषधाच्या दुकानांत एक भलीमोठी दाढ मिळाली. अशा दाढा तेथें ‘ड्रॅगनचे दांत’ म्हणून औषधासाठीं विकल्या जात. ती एका अवाढव्य नष्ट वानराची होती. परंतु ती आली कोठून, हें दुकानदारास ठाऊक नव्हतें. आणि त्या वानराचे अवशेष दक्षिण चीनमधील गुहांत प्रत्यक्ष जागेवर मिळण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. बाजारांतून फिरलेल्या हाडाचें गांव हरवतें, आणि गांव हरवलें कीं त्याचें अर्धें मोल जातें. काकांनीं रागावूं नये. पण ती दाढ एखाद्या व्यापाऱ्याच्या हातीं गेली, तर तिच्याबरोबर पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तरहि जाईल.

आणि मोल म्हणजे तरी काय? वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरास, चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यांत पिसदुरा नांवाचें खेडें आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तेथील हाडांची माहिती विद्वानांस आहे. जवळच्या डोंगरगांव येथें मिळालेल्या लांब मानेच्या एका महाकाय डायनोसॉरचें वर्णन सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यास आज इसिसॉरस म्हणतात. पण पिसदुऱ्याची खरी कीर्ति झाली ती हाडांमुळें नव्हे, तर शेणामुळें. तेथील शेतांत लांबट, गोल दगड मिळतात. ते डायनोसॉरच्या काळांतील प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहेत. २००५ सालीं वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांत गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिकताकण दाखविले. त्या काळीं गवत फारसें नव्हतेंच, असा समज तोंवर रूढ होता. तो या दगडांनीं खोटा पाडला. पुढें २०११ सालीं भाताच्या कुळांतील तृणांचे कणहि त्यांत ओळखले गेले. ज्या दगडास बाजारांत कोणीं कवडी दिली नसती, त्यानें आपल्या ताटांतील भाताची वंशावळ साडेसहा कोटी वर्षें मागें नेली! मोल हें असें असतें.

वस्तु मिळणें हें निम्मेंच काम. ती कोठली हें लिहून ठेवणें हें उरलेलें निम्में. भारतांतील पहिल्या डायनोसॉरचीं हाडें १८२८ सालीं जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांस मिळालीं. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच हे स्लीमन. १८७७ सालीं लायडेकर यांनीं त्यांस ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असें भारदस्त नांव दिलें. नंतर तीं संग्रहांत कोठें गेलीं याचा पत्ताच लागेना. अखेर २०१२ सालीं कोलकात्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांत त्यांचा माग लागला. वर्णन आणि चित्रें छापून ठेवलेलीं होतीं, म्हणूनच ओळख पटणें शक्य झालें. दरम्यान २००३ सालीं दोन शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें होतें कीं, त्या हाडांची लक्षणें अनेक जातींत आढळतात, सबब तें नांव टिकण्याजोगें नाहीं. नांव गेलें, तरी हाड आणि त्याची नोंद राहिली.

सर्वच हाडें इतकीं दैववान् नसतात. आम्ही अध्यापन करीत असतां एका शाळेंत एका शेतकऱ्याच्या मुलानें विहीर खणतांना निघालेला जबड्याचा तुकडा आणून दिला. तीन दाढा शाबूत होत्या. गांव, विहिरीची खोली, मातीचा रंग हें सर्व चिठ्ठीवर लिहून ती आम्हीं दोऱ्यानें त्यास बांधली आणि तो कपाटांत ठेवला. आमची बदली झाल्यावर शाळेस रंग देण्यांत आला. कपाट रिकामें झालें, जुने कागद झटकून टाकण्यांत आले आणि वस्तु धुऊन पुसून पुन्हां ओळीनें मांडण्यांत आल्या. पुढें एक भूशास्त्रज्ञ शाळेंत आले असतां त्यांनीं तो तुकडा हातीं घेऊन एवढेंच विचारलें, ‘कोठला?’ कोणास सांगतां येईना. आमच्याकडे पत्र आलें तेव्हां आम्हांस गांव आठवलें, पण खोली व थर आठवला नाहीं. चौकशी केली, तों ती विहीर आंतून दगडांनीं बांधून निघाली होती. तो तुकडा आजहि असेल, चकचकीत आणि मुका.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें आहे कीं, वस्तु उचलण्यापूर्वीं चिठ्ठी लिहावी. हल्लीं छायाचित्र घेण्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत असतें. वस्तु जशी पडली आहे तशीच तिचीं छायाचित्रें घ्यावींत, एक जवळून, एक दुरून. शेजारीं एखादें नाणें किंवा पट्टी ठेवावी, म्हणजे प्रमाण कळतें. चिठ्ठींत तारीख, गांव, नदीचा कोणता कांठ, जवळची ओळखीची खूण, पाण्यापासून किती उंच, वस्तु सुटी पडलेली होती कीं दरडींत रुतलेली, आणि दरडींत असल्यास माती, वाळू कीं गोट्यांचा थर, इतकें अवश्य असावें. मोबाईलमध्यें स्थळाचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेहि उतरून घ्यावेत. शोधणाऱ्याचें नांव लिहावें; तो मुलाचा हक्क आहे.

ओली वस्तु उन्हांत ठेवूं नये, ती तडकते. सावलींत सावकाश वाळूं द्यावी. लिंबू, आम्ल, तेल, रोगण यांपैकीं कांहीं लावूं नये. माती मऊ कुंचल्यानें झाडावी, टोंचून काढूं नये. तुकडे झाले असल्यास घरच्या डिंकानें जोडूं नयेत, वेगवेगळ्या कागदांत गुंडाळावेत. दरडींत रुतलेलें हाड कुदळीनें उकरण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. दरड अंगावर येण्याचें भय आहे, आणि थराची साक्षहि तेवढ्यानें नष्ट होते. हाड मनुष्याचें असल्याची नुसती शंका आली तरी त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें.

आतां आजीबाईंची शंका. तिचा अव्हेर करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, कारण तिच्यामागें आधार आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अस्थिस्पर्शाची शुद्धि सांगितली आहे. परंतु तो विषय मनुष्याच्या अस्थीचा आहे. आणि तेथेंहि स्निग्ध अस्थीस स्नान, तर कोरड्या अस्थीस आचमन करून गाईस स्पर्श किंवा सूर्यदर्शन, इतकाच विधि आहे. येथें तर अस्थि मनुष्याची नव्हे. देव्हाऱ्यांतील शंख हा एका समुद्रजीवाचेंच कवच आहे, आणि जुन्या घरांतून हस्तिदंताच्या फण्या व डब्या असत. फार काय, ज्या शाळिग्रामाची आपण नित्य पूजा करतों, तो गंडकीच्या पात्रांतील काळा गोटा म्हणजे अमोनाइट नांवाच्या समुद्रजीवाचा जीवाश्मच होय. त्यांतील चक्रें वज्रकीटानें कोरलीं असें पुराणें सांगतात. भूशास्त्र सांगतें कीं, आज हिमालय उभा आहे तेथें बारा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं समुद्र होता, त्यांतील प्राण्याच्या कवचाचीं तीं वळणें आहेत. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या एक जीवाश्म देवघरांत सुखानें नांदला, त्या घरांत दुसऱ्यास ओसरीवरच्या कोनाड्यापुरती जागा मिळण्यास हरकत नसावी. आजोबांच्या राक्षसाविषयीं इतकेंच म्हणूं कीं, मोठें हाड पाहून पुराणें आठवणें यांत नवल नाहीं. फाल्कनर व कॉटली या साहेबांनींहि १८३६ सालीं शिवालिक टेंकड्यांतील जिराफाच्या एका प्रचंड नातलगास शिवाचेंच नांव देऊन ‘शिवाथेरियम’ म्हटलें होतें.

शेवटीं त्या मुलासाठीं. चिरंजीव, तुझी दाढ हत्तीची आहे, राक्षसाची नव्हे आणि डायनोसॉरचीहि नव्हे. कोणत्या हत्तीची व किती जुनी, हें सांगण्यास तज्ज्ञास दोन गोष्टी लागतील: दाढ आणि दरड. दाढ गोठ्यांत सुरक्षित आहे. दरडीचें तसें नाहीं. ती पुढच्या पुरांत कोसळेल, किंवा त्यापूर्वींच वाळूच्या उपशांत नाहींशी होईल. म्हणून येत्या रविवारीं काकांस बरोबर घेऊन त्या जागीं जा, वर सांगितल्याप्रमाणें छायाचित्रें घे आणि चिठ्ठी लिही. नंतर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचें मध्य विभागाचें कार्यालय आहे, तसाच तेथील विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. पुण्यास डेक्कन कॉलेजांत नद्यांच्या गाळांतील प्राण्यांचाच अभ्यास होतो. यांपैकीं एका ठिकाणीं छायाचित्रें व चिठ्ठीची प्रत पाठवावी, आणि बोलावणें आल्यास दाढ घेऊन जावें. काकांनीं जातांना पुतण्यास सोबत न्यावें, ही आमची त्यांस विनंती आहे. उत्तर आलें कीं आम्हांसहि कळवावें. त्याची वाट आमच्याप्रमाणें अनेक वाचक पाहतील.